कानातल्यांसाठी विणलेला पडदा फ्रेमवर ताणायचा आहे : जाळी कलते, मध्ये झोळ पडतो

मोरपंखी

प्रदर्शनाच्या टेबलावर कानातली मांडायला विणलेला पडदा करायचा आहे. १० बाय १२ इंचाच्या दोन लाकडी फोटोफ्रेम आहेत. काच आणि मागचा पुठ्ठा काढल्यावर आतली मोकळी जागा २४ बाय २९ सें.मी. भरते. तिथे दोन सुयांवर विणलेला तुकडा ताणून बसवायचा. माल असा : हुकवाले झुमके आणि लोंबती कानातली १६ जोड, टॉप्स आणि कुड्या २० जोड (निम्म्यांना मळसूत्री फिरकी), शिवाय चार-पाच ब्रोच.

नमुना अ‍ॅक्रिलिक लोकरीत ८ नंबरच्या सुयांवर विणलाय. सुलट बाजूच्या प्रत्येक ओळीत "दोरा पुढे, २ टाके एकत्र सुलट", उलट बाजूची ओळ सगळी उलट (दोरा पुढे घेतला की भोक पडतं, अशा भोकांची अख्खी जाळी). तुकडा चौकोनी राहत नाही, एका कोपऱ्याकडे तिरका ओढला जातो. झुमके लावले की मध्ये झोळ पडतो आणि वरच्या ओळीतले खालच्यांवर टेकतात. टॉप्सच्या फिरक्या तर भोकातून आरपार पुढे येतात.

दोरा कोणता, सुई कोणती, टाके किती? आणि फ्रेमला गोंदाने चिकटवायचं की शिवायचं?

उलटसुलट

कलण्याचं कारण टाक्यातच आहे. "२ एकत्र सुलट" हा टाका उजवीकडे झुकतो. दर जाळीच्या ओळीत तोच घेतला की झुकाव एकाच दिशेला साठत जातो. अख्खी जाळीच हवी असेल तर एक ओळ आत्ता विणताय तशी, आणि पुढच्या जाळीच्या ओळीत क्रम फिरवायचा : आधी डावीकडे झुकणारी जोडी, मग दोरा पुढे. डावी जोडी म्हणजे दोन टाके एकेक करून, सुलट विणताना घेतो तसे, उजव्या सुईवर नुसते सरकवायचे. डाव्या सुईचं टोक त्या दोन्हींत पुढून घालायचं आणि दोन्ही मिळून एक सुलट विणायचा. अशा एकाआड एक ओळी घेतल्या की तुकडा सरळ राहतो. तिरका तुकडा ओला करून टाचण्यांनी सरळ करता येतो, पण टाचण्या काढल्यावर तो हळूहळू परत वळतो, त्यात वेळ घालवू नका.

पण अख्खी जाळी विणूच नका असं मी म्हणेन. हुकाला भोक लागतं आणि टॉप्सला भोक चालत नाही, दोघांना एकाच विणीवर बसवायला गेलं की हे असं होतं. दोन फ्रेम आहेतच, तर एक हुकांची करा आणि एक टॉप्सची.

हुकांची फ्रेम. दोरा ८ प्लाय सुती (प्लायचा आकडा मोठा तितका दोरा जाड), सुई १० नंबर, म्हणजे ३.२५ मि.मी. या दोऱ्याला एरवी ८ नंबर (४ मि.मी.) वापरतात, इथे वीण मुद्दाम घट्ट हवी म्हणून बारीक सुई. नेटवरचा अमेरिकन नमुना समोर असेल तर त्यातला नंबर बघून सुई काढू नका. त्यांचा १० नंबर ६ मि.मी.चा असतो. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. नेहमी मि.मी. बघायचे.

सगळ्या ओळी सुलट विणायच्या. याने तुकडा कडेला गुंडाळत नाही आणि दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. एक ओळ सुलट एक ओळ उलट अशा विणीच्या उभ्या कडा मागे आणि आडव्या कडा पुढे वळतात, फ्रेमला लावताना त्याच्याशी झटापट होते. १५ सें.मी.चा नमुना विणून मधल्या १० सें.मी.त टाके मोजा. २४ आले तर खालचा हिशोब जसाच्या तसा चालेल.

तुकडा जागेपेक्षा थोडा छोटा विणायचा, म्हणजे ताण बसतो. ताणल्यावर २५ बाय ३० सें.मी. हवा (चहूबाजूंनी अर्धा सें.मी. फ्रेमच्या मागे जायला). त्यासाठी विणलेलं माप साधारण २२.५ बाय २६. रुंदीत १० टक्के आणि लांबीत १५ टक्के ताण सुती दोऱ्याला सोसतो.

५४ टाके घाला. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सरकवा, कडेला साखळीसारख्या सारख्या कड्या तयार होतात आणि पुढे फ्रेमला बांधताना त्याच कामाला येतात. वरून खाली विणत जायचं :

१ ते १२ ओळी सगळ्या सुलट.
१३वी ओळ भोकांची : ४ सुलट, मग "दोरा पुढे, २ एकत्र सुलट" असं २३ वेळा, शेवटी ४ सुलट.
त्यापुढे २७ ओळी सुलट, परत भोकांची ओळ. म्हणजे भोकं १३, ४१, ६९ आणि ९७ या ओळींत येतील. ९७ नंतर २८ ओळी सुलट विणून १२५व्या ओळीनंतर टाके बंद.

दर २८ ओळींत एकदाच भोकं असल्यामुळे कलण्याचा प्रश्न उरत नाही. ताणल्यावर दोन भोकांच्या ओळींत साधारण साडेसहा सें.मी. अंतर पडतं, त्यात पाच-साडेपाच सें.मी.चा झुमका मोकळा लटकतो. एका ओळीत चार जोड, चार ओळी, झाले सोळा. भोकं दर ९ मि.मी.वर आहेत, त्यामुळे जोडीतलं अंतर कानातल्याच्या रुंदीप्रमाणे कमी-जास्त करता येतं. झुमके याहून लांब असतील तर मधल्या ओळी वाढवा, पण मग फ्रेमवर तीनच ओळी बसतील.

नमुन्यात २४ ऐवजी २२ टाके आले तर २२.५ गुणिले २.२ म्हणजे साडेएकोणपन्नास, ५० टाके घ्यायचे. संख्या सम ठेवा, म्हणजे कडेचे ८ वजा जाता जोड्या बरोबर बसतात.

टाके घालताना आणि बंद करताना ८ नंबरची सुई घ्या. ही गोष्ट बहुतेक जणी सोडून देतात. वरची-खालची कड घट्ट राहिली की मधला भाग २५ सें.मी. ताणतो आणि कड २२ वरच अडते, मग कोपऱ्यांत चुण्या. ५० ग्रॅमची एक गुंडी जेमतेम पुरते, दोन घ्या आणि दोन्ही एकाच लॉटच्या.

झोळ. अ‍ॅक्रिलिक ताणाखाली सैल होत जातं. सुती कमी होतं, पण होतंच. झुमक्यांचा एक जोड ३० ग्रॅमचा धरला तरी सोळा जोड म्हणजे जवळजवळ अर्धा किलो, तो नुसत्या विणीने पेलायचा नाही. भोकांच्या ओळीच्या लगेच खालच्या वळीतून (सुलट ओळींनी उठलेल्या आडव्या उंचवट्यातून), मागच्या बाजूने, ०.५ मि.मी.चा तंगूस (नायलॉनचा दोरा) ओवा आणि दोन्ही टोकं फ्रेमला ताणून बांधा. हुकाचं वजन भोकाच्या खालच्या कडेवर येतं, म्हणून तंगूस भोकाखालीच हवा. वरच्या वळीत घातला तर उपयोग शून्य.

टॉप्सची फ्रेम. ४ प्लाय सुती, १२ नंबर (२.७५ मि.मी.), साबुदाणा वीण. ६५ टाके, विषम संख्या. प्रत्येक ओळ १ सुलट १ उलट अशी, सुरुवात सुलटाने आणि शेवटही सुलटाने. टाके विषम असल्याने पुढच्या ओळीत सुलटावर उलट आपोआप येतो. २६ सें.मी. झालं की बंद. ही वीण दाट असते, टॉप्सची काडी दोन टाक्यांच्या मधून जाते आणि फिरकीला मागे टेकायला जागा मिळते. मळसूत्री काडी थेट घुसवू नका, आट्यांत दोऱ्याचे तंतू अडकून वर ओढले जातात. आधी दाभणाने किंवा बारीक सुईच्या टोकाने जागा करून घ्या, मग काडी घाला.

मुका खांब

हेच क्रोशावर अर्ध्या वेळात होतं आणि भोकं जन्मात ताणली जात नाहीत, एवढंच सांगून जाते. ४ प्लाय सुती, २.५ मि.मी.ची सुई. २० घरांसाठी (जाळीच्या चौकोनांसाठी) ६५ साखळ्या. पहिला खांब (सुईवर वेढा घेऊन केलेला उंच टाका) सुईपासून आठव्या साखळीत, मग २ साखळ्या, खालच्या २ सोडून तिसरीत खांब, असं शेवटपर्यंत. वळताना ५ साखळ्या (३ खांबाच्या, २ घराच्या). हुक अडकवायच्या जाळीच्या ओळीनंतर लगेच एक ओळ मुक्या खांबांची (वेढा न घेता केलेले आखूड टाके), प्रत्येक घरात तीन. हुक साखळीवर न लटकता त्या भरीव ओळीवर लटकतो. खाली साडेसहा सें.मी. खांबांनी भरून काढा, परत जाळी.

टॉप्ससाठी मात्र क्रोशा नको. मुक्या खांबांची वीण जाड होते, छोट्या काडीला मागे फिरकी बसायला टोक उरत नाही.

उलटसुलट

खांबांची वीण आडवी ताणायला गेलात तर फारशी ताणत नाही, तेव्हा क्रोशाचा तुकडा जवळजवळ पूर्ण मापाचा करावा लागेल. १० टक्के कमी करू नका. बाकी हुकांपुरतं मान्य.

रंधा

फ्रेमबद्दल. गोंद नको. हॉट ग्लू सुती दोऱ्यावर वरवर बसतो, ताणाखाली सोलला जातो आणि उन्हात ठेवलेल्या टेबलावर मऊ पडतो. फेव्हिकॉल धरेल, पण तुकडा धुवायला काढायचा तर फाडावा लागेल.

अर्धा इंची चुका (बारीक खिळे) आणा. फ्रेमच्या मागच्या बाजूला, आतल्या कडेपासून १ सें.मी. बाहेर, दर २ सें.मी.वर एक, ३-४ मि.मी. डोकं वर ठेवून. रुंदीला १२ आणि उंचीला १५, म्हणजे एका फ्रेमला ५४ चुका. त्याआधी फ्रेमची जाडी मोजा, एक सें.मी.पेक्षा पातळ पट्टी असेल तर चूक पुढून डोकावेल. एमडीएफची फ्रेम असेल तर आधी १ मि.मी.च्या ड्रिलने भोक पाडा, नाहीतर कड फुगून सोलपटते. कोपऱ्यातल्या ४५ अंशाच्या जोडावर चूक मारू नका, जोड उघडतो.

बांधणं : मेण लावलेला जाड दोरा, तुकड्याच्या कडीतून चुकेवर, चुकेवरून पुढच्या कडीत. उभ्या कडेला १२५ ओळींच्या साधारण ६२ कड्या होतात, तेव्हा दर चौथ्या कडीला एक चूक येते. सुरुवात कोपऱ्यातून करायची नाही. आधी चारही बाजूंचे मध्य बांधा, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जा, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात की सगळा ताण शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतो. कोपरे अगदी शेवटी. तंगूस त्यानंतर, त्याला वेगळ्या चुका; एकाच चुकेवर दोघांना बांधलं की दोरा सैल करताना तंगूसही सुटतो.

मागचा पुठ्ठा परत लावू नका. हुकाचा मागचा बाक आणि फिरकी यांना किमान दीड सें.मी. मोकळी जागा लागते. भिंतीवर लावायची असेल तर चार कोपऱ्यांना मागे दीड सें.मी. उंचीची बुचं चिकटवा. टेबलावर मागे १०-१५ अंश कलती राहील असा टेकू द्या : कानातली पडद्याला अलगद टेकून राहतात, पंख्याच्या वाऱ्यात गरगरत नाहीत. झुमके सगळे पुढच्या बाजूला असतात, सरळ उभी फ्रेम त्या वजनाने पुढे कोसळायला वेळ लागत नाही.

मोरपंखी

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. अजून थोडं विचारते. घरात अ‍ॅक्रिलिक बरंच पडून आहे, ते वाया न घालवता काही करता येईल का? ब्रोच लावल्यावर डोकं पुढे झुकतं, त्याचं काय? चार दाबाच्या नथी पण ठेवायच्या ठरतंय. आणि रंग सुचवा.

उलटसुलट

अ‍ॅक्रिलिक चालेल, पण त्याला वाफ द्यावी लागेल. तुकडा फ्रेमच्या मापाला टाचून, वर ओलं सुती फडकं, इस्त्री फडक्याला न टेकवता दोन सें.मी. वर धरून वाफ सोडायची. धागा मऊ पडतो आणि त्या मापात कायमचा बसतो, परत आक्रसत नाही. स्वेटरला असं झालं तर स्वेटर गेला म्हणायचं. इथे तेच हवंय. इस्त्री टेकली तर चकाकणारा कडक डाग पडतो, तो निघत नाही. तुकड्याला लवचीकपणा उरत नाही, म्हणून तंगूस इथे जास्तच लागेल. सुती तुकड्याला वाफेची गरज नाही : पाण्यात वीस मिनिटं बुडवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा (पिळू नका), थर्माकोलवर २४ बाय २९ ला टाचून वाळवा. टाचण्या न गंजणाऱ्या घ्या. साध्या टाचणीचा गंज ओल्या सुतात उतरतो आणि फिक्या रंगावर कायमचा दिसतो.

ब्रोचसाठी टॉप्सच्या फ्रेमच्या तळाला, मागून, ४ सें.मी. रुंद बकरमची (कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाची) पट्टी आडवी शिवा. पिन वीण आणि बकरम दोन्हींतून घ्या. आणि पिन ब्रोचच्या मध्याच्या वर असेल तरच तो सरळ राहतो. मध्यावर किंवा खाली पिन असलेला ब्रोच कुठेही लावा, झुकणारच. २० टॉप्स पाच-पाचच्या चार ओळींत लावले तर खाली ब्रोचना सात-आठ सें.मी. आरामात उरतात.

दाबाच्या नथीला भोक कामाचं नाही, तिला चिमटीत धरायला काहीतरी हवं. दोन्ही टोकांना टोक असलेल्या सुईवर ३ टाक्यांची दोरी विणा : ३ सुलट विणायचे, सुई न वळवता टाके दुसऱ्या टोकाला सरकवायचे, दोरा मागून ओढून परत ३ सुलट. ४ प्लायची ही दोरी ३-४ मि.मी. जाड होते. हुकांच्या फ्रेममध्ये सर्वांत वर, पहिल्या भोकांच्या ओळीच्या थोडी वर, ती आडवी ताणून दर ३ सें.मी.वर मागून एक टाका मारून धरा. नथ दोरीवर दाबून बसते. मोत्यांचा आकडा खाली येईल अशी लावा, उलटी लावली की घसरते. चारच नथी आहेत तर दोरी अर्ध्या रुंदीची केली तरी चालेल.

रंग : सोनेरी आणि मोत्याच्या मालाला गडद हिरवा नाहीतर मरून. ऑक्सिडाइज्डला काळा आणि राखाडी टाळा, खोलगट नक्षीतला काळेपणा त्यात हरवून जातो. मोतिया किंवा हळदी घ्या. नक्षीदार रंगीत धागा, म्हणजे एकाच गुंडीत तीन-चार रंग असलेला, कितीही मोह झाला तरी नको. गिऱ्हाईक पडदा बघतं, कानातली बघत नाही.

कसोटी

मालात खरी चांदी असेल तर एक लक्षात घ्या : लोकर, म्हणजे मेंढीची खरी लोकर, या कामाला वापरू नका. लोकरीत गंधक असतं आणि त्याने चांदी लवकर काळवंडते. सुती किंवा अ‍ॅक्रिलिकला तो त्रास नाही. नवा गडद सुती दोरा विणण्याआधी त्याचा रंग सुटतो का ते बघा : वीतभर तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. मरून आणि गडद निळे बऱ्याचदा सोडतात, आणि मोत्याला एकदा रंग लागला की पुसून जात नाही.

कोकणपट्टीत असाल तर पावसाळ्यात माल फ्रेमवर कायमचा ठेवू नका. सुती वीण हवेतली ओल धरून ठेवते, पितळी आणि तांब्याच्या काड्यांवर दोन-तीन आठवड्यांत हिरवट थर दिसायला लागतो आणि तो दोऱ्यालाही लागतो. प्रदर्शन संपलं की कानातली काढून सिलिका जेलच्या पुडीसकट बंद पिशवीत ठेवा. फ्रेम बटर पेपरमध्ये गुंडाळून आडवी ठेवली तरी चालते.

रंधा

स्वस्त हुकांची टोकं कापलेली असतात, घासलेली नसतात. प्रत्येक हुकाचं टोक नखावर फिरवून बघा. ओरखडा उठला तर बारीक कानशीने दोन-तीन घासे द्या. विणीतले तंतू ओढले जातात ते नव्वद टक्के वेळा याच टोकांमुळे, आणि ग्राहक घाईने खेचतात तेव्हा जास्तच. हुकाच्या मागे छोटं सिलिकॉनचं बुच लावलंत तर वाऱ्याने किंवा टेबलाला धक्का लागून कानातलं निसटत नाही, पण मग प्रत्येक ग्राहकाला काढून दाखवताना हात अडकतो. गर्दीच्या प्रदर्शनात मी बुच फक्त सर्वांत खालच्या ओळीला लावायला सांगेन, पिशव्या आणि ओढण्या तिथेच घासतात.